भाऊरावबुवांच्या सुराखालची रेघ

कीर्तनाला उभं राहिल्यावर कुणी सूर दिलेला आमच्या भाऊरावबुवांना चालत नाही. बाकीचे कीर्तनकार पेटीवाल्याकडे बघतात, तो एक पट्टी दाबतो, मग ते गळा लावतात. आमच्या बुवांचं उलटं. ते डोळे मिटतात, डावा हात कानाशी नेतात आणि देवळातली कुजबुज थांबेपर्यंत थांबतात. मग जो 'सा' निघतो तो असा, की माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो. पेटीने मागाहून त्यांना गाठायचं. "सूर मागून घ्यायचा नसतो, तो आतून यावा लागतो," असं त्यांच्या गुरूंनी त्यांना सांगितलं होतं. ही गोष्ट ते प्रत्येक पूर्वरंगात सांगतात आणि आम्हीही प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या माना डोलावतो. कीर्तन ऐकणाऱ्याचं तेवढं कर्तव्यच आहे.

अडचण एकच होती, गुणाजीची पेटी.

बुवांचा सा पेटीच्या पांढऱ्या पाचव्या पट्टीपेक्षा केसभर वर लागायचा. ती पट्टी दाबली तर पेटी खाली राहायची आणि शेजारची काळी दाबली तर वर जायची. बुवा नेमके दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत, आणि पेटीला फटीत वाजता येत नाही. मग बुवा भर कीर्तनात मागे वळून प्रेमाने म्हणायचे, "गुणाजी, लेका, पेटी एकदा कुणाला तरी दाखव." सगळं देऊळ हसायचं. गुणाजी बिचारा पेटी घेऊन दादरला जायचा, आणि कारागीर ती तपासून तशीच परत द्यायचा. "पेटी ठणठणीत हा!" गुणाजी देवळाच्या पायरीवर बसून सांगायचा. त्याचं अर्धं आयुष्य विक्रोळीत गेलंय, पण रागावला की तो मालवणातच असतो. "बुवांचोच सूर वर चढता, तेका मी काय करू?" त्यावर आम्ही बायका त्याच्याकडे अशा बघायचो, जसं काही त्याने नैवेद्याच्या ताटात बोट घातलंय. सगळ्यात पुढे मी.

आता माझ्या भाचीचं सांगते. रुचिरा माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. नोकरी पवईला, म्हणून राहायला माझ्याकडे. दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसते आणि घरी येऊन विसावा म्हणून पुन्हा कॉम्प्युटरपुढे बसते. तिचा स्वतःचा एक प्रोग्रॅम चालला होता. त्यात गाण्याची फाइल टाकली की गाणं डोळ्यांना दिसतं. पडद्यावर डावीकडून उजवीकडे वेळ सरकतो, खाली जाड आवाज, वर बारीक आवाज, आणि जो सूर जोरात तो जास्त उजळ.

"माणसाच्या कानाला जेवढं ऐकू येतं ना मावशी, तेवढं सगळं यात दिसणार," ती म्हणाली. "मला टेस्टिंगला रेकॉर्डिंग्ज हवीत. एका माणसाचा आवाज, मागे वाद्यं कमी. आहेत तुझ्याकडे?"

माझ्याकडे! माझ्या फोनमध्ये बुवांची इतकी कीर्तनं आहेत, की नातेवाइकांच्या लग्नाचे फोटो पुसून मी जागा केलीय. सगळा खजिना तिच्या हवाली केला.

आणि खरंच, मला बुवांचं कीर्तन दिसलं. झांज वाजली की खालपासून वरपर्यंत बुक्का उधळल्यासारखं व्हायचं. तबल्याचे बोल म्हणजे ओल्या बोटांचे ठसे. आणि बुवांचा आवाज? एकावर एक, एकावर एक, सोनेरी नागमोडी रेघा, सगळ्या एकदम वळणाऱ्या.

"एका माणसाच्या गळ्यातून इतक्या रेघा?" मी विचारलं.

"प्रत्येक सुराच्या डोक्यावर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सूर बसलेले असतातच. आपल्याला एकच ऐकू येतो."

मी पडद्याला हात जोडले. रुचिरा म्हणाली, "मावशी, लॅपटॉप आहे तो," आणि स्क्रीनवरचा माझ्या बोटाचा ठसा पुसला.

आता जे खरं संकट होतं ते सांगते. ते मीच ओढवून घेतलं होतं. विलेपार्ल्याला एका मंडळाचा कीर्तन महोत्सव असतो. तिथल्या अनुपमाताईंना मी आधीच बुवांचं एक रेकॉर्डिंग पाठवून बसले होते, आणि त्यांनी बुवांना बोलावणं धाडलं होतं. आमचे बुवा विक्रोळीबाहेर कीर्तन करत नाहीत. कारण फार पूर्वी ते पार्ल्यालाच गेले होते. तिथे भर आख्यानात त्यांचा सूर घसरला आणि पहिल्या रांगेतून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "बुवा, जरा पेटीचं ऐका." लोक हसले. बुवांनी कीर्तन पुरं केलं, घरी आले, आणि त्यानंतर लग्नाच्या जेवणालासुद्धा पार्ल्यात पाऊल टाकलं नाही.

मी त्यांच्या मागे लागले. रोज लागले. शेवटी ते म्हणाले, "जातो. तुझ्यासाठी नाही हं नलिनी, त्या पहिल्या रांगेसाठी जातो. पण एक सांगून ठेवतो. या वेळी घसरलो, तर ह्या चिपळ्या विठोबाच्या पायावर ठेवून देईन. पुन्हा हातात धरायच्या नाहीत."

बुवा असलं गमतीत बोलत नाहीत. त्यांनी चिपळ्या ठेवल्या तर गुरुवारच्या संध्याकाळी मी काय करायचं? मालिका बघायच्या?

इकडे रुचिराच्या प्रोग्रॅममध्ये एक बिघाड निघाला. बुवांच्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये, सगळ्या नागमोडी सोनेरी रेघांच्या खाली, एक सरळ रेघ. पट्टी धरून मारल्यासारखी. कीर्तन सुरू व्हायच्या आधीपासून आरती संपेपर्यंत.

"कोडमध्ये काहीतरी चुकलंय," ती म्हणाली. शनिवार त्यात गेला. आमटीत वाटीभर तूप घातलं तरी तिला कळलं नसतं. रविवारी तिने सिनेमाची गाणी टाकून पाहिली, रेघ नाही. दुसऱ्या बुवांचं कीर्तन टाकलं, तरी नाही. पुन्हा आमचे बुवा टाकले, की रेघ हजर.

"तुझ्या फोनचा आवाज असेल का?" तिने अगदी सुरुवातीचा भाग लावला. कीर्तनाला अजून अवकाश आहे, लोक जमतायत, आणि स्पष्ट माझा आवाज: "शिरा कसला, रवा भाजलाच नव्हता तिच्या सुनेने."

"बघ," रुचिरा म्हणाली, "तू निंदा करतेस तेव्हाही रेघ आहे."

"ती निंदा नव्हती, अभिप्राय होता."

ती ऐकतच नव्हती. तिने ती रेघ मोठी केली, आणखी मोठी केली आणि मान पुढे काढली. "मावशी, ही रेघ शंभरावर आहे. सेकंदाला शंभर कंपनं. हिच्या वर फिकट अशी दुसरी आहे ती दोनशेवर. आता बुवांचा सा बघ." बुवांची सोनेरी रेघ वरून झुलत आली आणि त्या फिकट रेघेवर जाऊन बसली. सुईत दोरा जावा तशी. "दोनशे. पेटीची पांढरी पाच एकशे शहाण्णवला असते. पुढची काळी पार दोनशे आठच्या जवळ."

"म्हणजे गुणाजीची पेटी..."

"एकदम बरोबर आहे."

मला एकदम तहान लागली.

पण खरा दणका पुढे होता. एकदा भर कीर्तनात देवळाचे लाइट गेले होते. समईच्या उजेडात बुवा गात राहिले होते, ते रेकॉर्डिंग मी मुद्दाम जपलंय. रुचिराने ते लावलं. लाइट जातात त्या क्षणी खालची रेघ कापल्यासारखी संपते. आणि वरची बुवांची सोनेरी रेघ? ती हळूहळू, शांतपणे, घसरगुंडीवरून उतरावी तशी खाली खाली येत जाते. मला तो दिवस आठवला. बुवा म्हणाले होते की दुपारी काकडी खाल्ली.

रुचिरा खुर्चीत मागे टेकली. "मावशी, बुवांना आतून सूर येत नाही. विजेच्या कशातून तरी येतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी, देऊळ रिकामं असताना, आम्ही दोघी तिचा फोन घेऊन आत शिरलो. फोनवर तोच प्रोग्रॅम चालू. पंख्याखाली गेलो, रेघ पुसट. घंटेजवळ काहीच नाही. बुवा उभे राहतात त्या जागी गेलो आणि रेघ लखलखली. दोघींनी वर पाहिलं.

वर ट्यूबलाइट होती. सगळ्या देवळात एलईडी बसवून कितीतरी दिवस झाले, पण ही एक जुनी, चोकवाली ट्यूब राहिली होती. तिला हात लावायचा नाही असं बुवांनीच सांगितलं होतं. "तिच्याखाली मला बरं वाटतं," म्हणाले होते. कान देऊन ऐकलं तर ऐकू येत होतं. हूंऽऽऽ.

आमच्या वसाहतीतला विकी इलेक्ट्रिशियन शिडी घेऊन आला. त्याने चोक अंगठ्याने दाबून धरला, हूं थांबलं आणि रेघ गेली. अंगठा काढला, रेघ आली.

"पत्रा सैल झालाय काकू आतला," विकी म्हणाला. "बदलून टाकू? आवाज करतो फुकटचा."

"हात लावशील तर बघ!" आम्ही दोघी एकदम ओरडलो. विकी शिडीवर डगमगला.

मग त्याला सांगणं भागच पडलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, वर ट्यूबकडे पाहिलं, आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "काकू, मग गुरुपौर्णिमेला हार हिला घालायला पाहिजे ना?"

"जीभ आवर," मी म्हटलं. पण हसू मलाही आवरलं नाही, आणि देवासमोर हसल्याबद्दल नंतर मी कान पकडले.

आता करायचं काय? बुवांना सांगायचं? या वयात माणसाला जाऊन सांगायचं की तुमच्या आतून येतो तो सा ट्यूबचा आहे? मी ते करणार नव्हते. आणि तंबोऱ्याचा इलेक्ट्रिक डबा बुवा मंचावर येऊ देत नाहीत. रुचिरा म्हणाली, "सोपंय. फोनवर तो आवाज लावू आणि मागे लपवू." गुरुवारी विकीने काहीतरी सबब सांगून ट्यूब बंद ठेवली, आणि मी झांजेच्या पिशवीत फोन ठेवून बुवांच्या मागे बसले. बुवांनी डोळे मिटले, हात कानाशी नेला, भुवया जवळ आल्या. डोळे उघडले. "कुणाचा तरी मोबाइल थरथरतोय. घ्या, बाहेर जाऊन बोला."

"एवढासा स्पीकर, एवढा खालचा आवाज त्याला झेपत नाही गं," रुचिरा घरी येऊन चिडून म्हणाली. "मोठा आणू का?"

"नको," मी म्हटलं. "ज्याच्याखाली बरं वाटतं तेच न्यायचं. ट्यूबच नेऊ पार्ल्याला."

गुणाजीला यात घ्यावंच लागलं, कारण साथीला तोच होता. त्याला घरी बोलावलं, चहा दिला, पडदा दाखवला.  तो चहाचा कप खाली ठेवून उभाच राहिला.

"म्हणजे माझी पेटी बरोबर होती!"

"हो रे बाबा."

"इतकी वर्सां माका हसलात! वैनी, तुमी तर सगळ्यात मोठ्यान हसलात! आता ह्या मी देवळाच्या फळ्यावर लिवतंय. उद्याच लिवतंय!"

"गुणाजी, तुला वेतोबाची शपथ आहे. पार्ल्याचं होऊ दे, मग मीच सगळ्यांसमोर तुझी माफी मागते."

"माफी नको. बुवांक सांगा."

"बुवांना सांगितलं तर ते चिपळ्या ठेवतील."

हे ऐकून मात्र गुणाजी खाली बसला. बराच वेळ नाक चोळत राहिला. मग रुचिराला म्हणाला, "बाय, तो आकडो कितीचो म्हटलंस? दोनशे? माका तो फोनार धाड."

"कशाला काका?"

"असोच. बघूक बरा वाटता."

महोत्सवाच्या दिवशी बुवा आणि गुणाजी मंडळाच्या गाडीतून पुढे गेले. त्यांच्यामागे रिक्षात मी, रुचिरा आणि विकी, आणि तिघांच्या मांडीवर आडवी ती ट्यूब, पट्टीसकट, चोकसकट, माझ्या जुन्या इरकलीत गुंडाळलेली. एक टोक माझ्या बाजूने बाहेर.

"माताजी, ये क्या है?" रिक्षावाल्याने आरशातून विचारलं.

माझं तोंड उघडायच्या आत विकी म्हणाला, "वीणा है भाई. खड्डा संभाल के."

जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावर खड्डा सांभाळून चालवणारा तो पहिला रिक्षावाला मी पाहिला. उतरताना त्याने इरकलीला हात लावून तो कपाळाला लावला. मी मनात म्हटलं, पांडुरंगा, हिशेब तुझ्याकडेच ठेव, मी नंतर भरते.

पार्ल्याचा हॉल म्हणजे काय सांगू! छताला पांढरे चौकोन, भिंतीतून झिरपणारा पिवळसर उजेड, एसीचा आवाजसुद्धा कळत नाही इतका मंद. सुईसुद्धा पडलेली ऐकू यावी. बुवा आत आले, चहूकडे पाहिलं, आणि मला वाटलं की त्यांचा चेहरा जरा उतरला. "फार शांत आहे गं इथे," ते हळूच म्हणाले.

मंचावर मागे विठ्ठलाची मोठी तसबीर होती. विकी तिच्या मागे शिरून ट्यूब टांगायला लागला आणि अनुपमाताई धावत आल्या. मोत्याची कुडी, हातात निवेदनाचे कागद. "अहो, हे काय? इतका सुरेख उजेड केलाय आम्ही, आणि ही दवाखान्यातल्यासारखी ट्यूब?"

"प्रथा आहे," मी म्हटलं. कुठून आलं तोंडात, माहीत नाही.

"कसली प्रथा?"

"देवाच्या मागे शुभ्र ज्योत. आमच्या बुवांच्या परंपरेत असते. पूर्वी कापराची असायची. आता हॉलमध्ये कापूर चालत नाही ना, म्हणून."

रुचिराने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

अनुपमाताईंचा चेहरा मात्र एकदम मऊ झाला. "अय्या, हो? आणि तिचा अर्थ काय?"

आता सुटका नव्हती. "शुभ्र म्हणजे सत्त्वगुण," मी म्हटलं. "आणि ती... ती अखंड असते. कीर्तनकार बोलतो, थांबतो, चुकतो. ती थांबत नाही."

त्यांनी ते लिहून घेतलं. एवढ्यावर थांबल्या असत्या तर बरं, पण निवेदनात त्यांनी ते माइकवरून वाचलं आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. बुवांनी चमकून मागे पाहिलं. तसबिरीमागे त्यांची ट्यूब. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी झांज पुसायला लागले.

मग बुवा उभे राहिले. डोळे मिटले. हात कानाशी.

पहिल्या रांगेतले सगळे म्हातारे पुढे वाकले. मी बुवांच्या मागे होते, मला हूं ऐकू येत होतं. आणि नुसतं ट्यूबमधून नव्हे, माइकच्या वायरींनी ते उचललं होतं आणि स्पीकरमधून सगळा हॉल अगदी बारीक हूं करत होता. बुवांचा उतरलेला चेहरा हळूहळू वर आला. आणि सा लागला. असा सा मी विक्रोळीतसुद्धा ऐकला नव्हता. पूर्वरंग असा रंगला की मी झांज वाजवायची विसरले आणि गुणाजीने मला कोपर मारलं. गंमत म्हणजे पेटी आणि बुवा एकदाही भांडले नाहीत. मला वाटलं हॉलचा गुण असेल.

पूर्वरंग संपला. मध्यंतरात बुवांना हार घातला, बुक्का लावला, नामाचा गजर झाला. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मीही डोळे मिटून वाजवत होते. डोळे उघडले तेव्हा कानाला हेडफोन लावलेला साउंडवाला मिथुन तसबिरीमागून बाहेर येत होता.

"सापडला!" तो रुचिराला अंगठा दाखवत म्हणाला. "कधीपासून स्पीकरमधून हम येत होता, हूंऽ असा. त्या ट्यूबचा होता. बटण बंद केलं, आता बघा कसं क्लीन येतं."

रुचिरा पांढरीफटक पडली. ती मंचाच्या पायरीपर्यंत गेली, पण गजर थांबला होता आणि उत्तररंगासाठी बुवा उभे राहिले होते. आता मधूनच कुणी तसबिरीमागे शिरलं असतं तर सगळ्या हॉलने पाहिलं असतं.

बुवांनी डोळे मिटले. हात कानाशी.

काही नाही.

एसीचाही आवाज नाही. बुवांच्या भुवया जवळ आल्या. मानेवरची शीर हलली. लोकांना वाटलं ध्यान लागलंय. मला माहीत होतं काय चाललंय. ते त्या शांततेत हात घालून चाचपडत होते, आणि हाताला काही लागत नव्हतं. पहिल्या रांगेत एकाने दुसऱ्याकडे पाहिलं. आणि मग बुवांनी डोळे उघडले आणि, मी माझ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं ते केलं. मागे वळून गुणाजीकडे पाहिलं.

 नुसतं पाहिलं.

गुणाजीची वेळ होती. इतक्या वर्षांची. त्यालाही ते कळलं होतं. त्याने सावकाश चष्मा नाकावर सारखा केला. शर्टाची बाही वर केली. बुवांकडे पाहून पापणी लवेल इतकंच हसला. मेल्या, मी मनात म्हटलं, आता नको रे. आणि मग त्याने भाता ओढून पांढरी पाच दाबली.

मी डोळे घट्ट मिटले. ती पट्टी खाली लागणार होती. केसभर खाली. मला पडद्यावरचे आकडे दिसत होते.

पण पेटीतून जे निघालं ते हूं होतं. आमच्या देवळातलं, ट्यूबखालचं, दोनशेचं. बुवांचे डोळे मोठे झाले, मग मिटले, आणि पेटीचा आणि त्यांचा सा एकमेकांत असे विरघळले की कुठला कुणाचा ते रुचिराच्या प्रोग्रॅमलाही सांगता आलं नसतं.

पुढचं आख्यान मी अर्धं रडत ऐकलं. बाजूच्या बाईला वाटलं भक्तीने. होतंच की, भक्तीनेच.

"पेटी कधी बदललीस रे?" आरती झाल्यावर मी गुणाजीला गाठलं.

"बदललंय खंय? दादरवाल्याक आकडो दाखवलंय. म्हटलंय, माका सगळी पेटी ह्या दोनशाक घासून दी. तो म्हणता, काका, मग ही दुनियेत कुणाच्याच सुराक लागाची नाय. म्हटलंय, दुनियेचो माका काय करूचो आसा? माका एकाच माणसाक लागूक व्हयी."

"मग आधी का नाही सांगितलंस? आम्ही ट्यूब घेऊन आलो ना पार्ल्यापर्यंत!"

"तुमी इतकी वर्सां हसलात," गुणाजी शांतपणे म्हणाला. "म्हटलंय, एक दिवस रिक्षातून ट्यूब नेवंदे."

तेवढ्यात बुवा आले. पहिली रांग अजून त्यांच्या पाया पडत होती. त्यांनी गुणाजीच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं आता आभार मानणार. बुवा म्हणाले, "गुणाजी, इतकी वर्षं तुला सांगत होतो, पेटी दाखव, पेटी दाखव. आज ऐकलंस बघ माझं."

गुणाजीने माझ्याकडे पाहिलं. मी विठ्ठलाकडे पाहिलं. गुणाजी म्हणाला, "व्हय बुवा."

त्यानंतर बुवा गुरुवारी उभे राहतात, डोळे मिटतात, हात कानाशी नेतात, आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं पाठीमागे गुणाजीला दिसतील अशी हलवतात. गुणाजी पट्टी दाबतो. गुरूंची गोष्ट आहे तीच आहे. आम्ही माना डोलावतो. रुचिराने आता प्रोग्रॅममध्ये एक बटण केलंय, ते दाबलं की असल्या सरळ रेघा पुसल्या जातात. माझ्या फोनवर मात्र तिने ते बटण काढून टाकलंय, मीच सांगितलं तसं.

ट्यूब तेवढी परत आली नाही. त्या दिवशी अनुपमाताईंनी मिथुनला सगळ्यांसमोर झापलं, "सत्त्वगुण बंद करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?" आणि मला म्हणाल्या की ज्योत आता इथेच राहू दे, प्रथा आम्हीही पाळू. विकीने मला कोपऱ्यात ओढून विचारलं, "काकू, चोकचं काय?" मी म्हटलं, राहू दे बाबा, आता कुठल्या तोंडाने मागू?

परवा मी आणि गुणाजी देवळात असताना अनुपमाताईंचा फोन आला. पुण्याहून फार मोठे बुवा आले होते म्हणे. उजवीकडे विद्यार्थी, डावीकडे विद्यार्थी, साथीला नामांकित पेटी. कीर्तन छानच झालं, शुभ्र ज्योत तर काय सुंदर दिसत होती.

"फक्त एक झालं हो नलिनीताई," त्या म्हणाल्या. "कीर्तन जसं रंगत गेलं ना, तसं कळायला लागलं. त्यांच्या पेटीवाल्याची पेटी जरा खाली होती. बुवांनी शेवटी मागे वळून सांगितलंसुद्धा, पेटी कुणाला तरी दाखव म्हणून."

"अरेरे," मी म्हटलं, आणि फोन स्पीकरवर टाकून गुणाजीला हाक मारली.